फिर्याद कोणाची? देसाईगंजच्या एका रात्रीचा इतिहास

कायद्याच्या अहवालग्रंथांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने छापलेला आहे. तुकाराम हे दोन आरोपी पोलिसांपैकी एकाचे नाव. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिचे नाव शीर्षकात नाही, कारण फौजदारी खटला शासन चालवते आणि पीडित व्यक्ती त्यात केवळ साक्षीदार असते. स्त्रियांच्या चळवळीने मात्र हा खटला त्या मुलीच्याच नावाने ओळखला. सभांतून, पुस्तकांतून आणि विधी महाविद्यालयांच्या वर्गांतून ते नाव गेली चार-साडेचार दशके उच्चारले जात आहे. पीडितेची ओळख उघड करू नये, असा कायदा १९८३ साली झाला आणि तो याच खटल्यानंतर उसळलेल्या आंदोलनाचे फलित होता. त्या कायद्याचा मान राखून आम्ही तिचे नाव येथे घेत नाही.

या खटल्यातील न्यायनिर्णयांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांला येथे पाहायचे आहे ते त्याआधीचे काही : २६ मार्च १९७२ ची ती रात्र, आणि त्या रात्रीतले पोलीस ठाणे. अत्याचार झालेल्या व्यक्तीची न्यायसंस्थेशी पहिली गाठ न्यायाधीशासमोर पडत नाही. ती पडते ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर. तिथे तिला कोण भेटते, कोण ऐकते आणि काय लिहून घेते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. देसाईगंजच्या प्रकरणात अत्याचाराची जागा आणि फिर्यादीची जागा एकच होती. म्हणून एरवी जे धूसर राहते ते इथे लख्ख दिसते.

हकिकत निकालपत्रांत नोंदलेली आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातले देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. मुलगी आदिवासी, लहानपणीच आईवडिलांना पारखी झालेली, मोलमजुरी करून भावाजवळ राहणारी. ज्या घरी ती कामाला जाई, तिथल्या बाईच्या बहिणीच्या मुलाशी तिचे सूत जमले आणि दोघांनी लग्नाचे ठरवले. भावाला ते मान्य नव्हते. बहिणीला या मंडळींनी पळवून नेले, अशी तक्रार त्याने ठाण्यात दिली. हेड कॉन्स्टेबलने ती लिहून घेतली आणि रात्री नऊच्या सुमारास मुलगी, तो तरुण, त्याची मावशी, मावशीचा नवरा अशा सर्वांना ठाण्यात आणण्यात आले.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. त्या रात्रीची पहिली फिर्याद मुलीची नव्हती. ती मुलीविषयीची होती. ठाण्यापुढचा प्रश्न असा की ही मुलगी कोणाची, भावाची की त्या तरुणाची? तिचा जबाब घेतला गेला, पण एखाद्या हरवलेल्या जिनसेबद्दल विचारपूस व्हावी तसा. तिचे वय ठरवण्यासाठी जन्मनोंदीची नक्कल घेऊन ये, असे भावाला सांगण्यात आले. साडेदहा वाजले होते. जबाब घेणाऱ्या हेड कॉन्स्टेबलचे रात्रीचे जेवण व्हायचे होते, म्हणून सर्वांना जायला सांगून तो स्वतः घरी निघून गेला. एका माणसाचे जेवण ही किती साधी गोष्ट! पण त्याच्या जाण्याने ठाण्यात उरलेल्या सत्तेवर नजर ठेवणारे कोणी राहिले नाही.

मंडळी निघाली तेव्हा ठाण्यातल्या एका कॉन्स्टेबलने मुलीला थांबायला सांगितले आणि इतरांना बाहेर जायला फर्मावले. भाऊ बाहेर गेला, तो तरुण गेला, त्याची मावशीही गेली. वर्दीतल्या माणसाने ‘बाहेर व्हा’ म्हटल्यावर ‘का’ असे विचारण्याची सवय आपल्याकडे किती जणांना असते? मुलीच्या सांगण्यानुसार, कॉन्स्टेबलने तिला इमारतीमागच्या शौचकूपाकडे नेले, विजेरीच्या उजेडात तिची विटंबना केली आणि मग मागच्या छपरीत तिच्यावर बलात्कार केला. त्यानंतर दुसरा, म्हणजे तेव्हा ठाण्यात असलेला हेड कॉन्स्टेबल आला. त्यानेही तिच्याशी अतिप्रसंग केला; तो दारूच्या अमलाखाली होता.

बाहेर थांबलेल्यांना ठाण्याचे दिवे मालवलेले आणि दार लावलेले दिसले. त्यांनी हाका मारल्या. मावशी मागच्या बाजूला जाऊन पाहून आली. हळूहळू माणसे जमली. तेवढ्यात हेड कॉन्स्टेबल बाहेर आला आणि मुलगी केव्हाच निघून गेली, असे त्याने सांगितले. थोड्याच वेळाने मुलगी मागच्या बाजूने बाहेर आली आणि काय घडले ते तिने जमलेल्यांना सांगितले.

तिचे पहिले श्रोते म्हणजे ही रस्त्यावरची माणसे. त्या मावशीच्या सांगण्यावरून तिला गावातल्या डॉक्टरकडे नेले गेले. डॉक्टरने ठाण्यात फिर्याद द्या, असे सुचवले. सल्ला रास्तच होता, पण त्याचा अर्थ पाहावा : ज्या दारातून ती नुकती बाहेर पडली, त्याच दारातून तिने पुन्हा आत जायचे. दुसरे दार नव्हते. मधल्या वेळात जमाव खवळला होता. कॉन्स्टेबलला चोप देण्याची, ठाणे पेटवून देण्याची भाषा सुरू झाली होती. घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणले गेले. त्याने जमावाची समजूत घालून त्याला पांगवले आणि मग मुलीचा जबाब फिर्याद म्हणून लिहून घेतला.

आम्हांला या हकिकतीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच वाटतो. फिर्याद लिहिली गेली, कारण बाहेर गर्दी होती. जमाव नसता तर ती लिहिली गेली असती, असे मानायला त्या रात्रीच्या हकिकतीत तरी आधार सापडत नाही. एका माणसाने तर मुलगी इथे नाहीच, असे सांगून टाकले होते. ज्या असंख्य बायका एकट्या आल्या, ज्यांच्यासाठी बाहेर कोणी हाका मारत नव्हते, त्यांची रात्र कुठल्याच निकालपत्रात नाही. देसाईगंजचा खटला इतिहासात शिल्लक राहिला, यामागे गर्दीचा एक योगायोग आहे.

वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी, २७ मार्चला, रात्री आठ वाजता. म्हणजे जवळपास अख्खा दिवस उलटल्यावर. अंगावर जखमा नाहीत, कौमार्यपटल पूर्वीच फाटलेले आहे, योनिमार्गात दोन बोटे सहज जातात, वय १४ ते १६ वर्षे, असा अहवाल आला. मुलीच्या कपड्यांवर आणि कॉन्स्टेबलच्या पायजम्यावर वीर्याचे डाग आढळले. या अहवालातले प्रत्येक वाक्य पुढे तिच्यावर उलटले. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही. बोटे जातात म्हणजे सवय आहे. सवय आहे म्हणजे संमती आहे.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. शरीरसंबंध झाला, पण बलात्कार सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मुलगी धादांत खोटे बोलणारी आहे, आणि आपल्या प्रियकरापुढे व जमलेल्या लोकांपुढे शीलवती ठरण्यासाठी तिने बलात्काराची कथा रचली, असा न्यायाधीशांचा तर्क होता. या घटनेच्या पाच वर्षे आधी, १९६७ साली, मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आले होते. लुटुपुटीच्या खटल्यात एका अविवाहित स्त्रीचे चारित्र्यच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते, हे मराठी प्रेक्षकांनी तिथे पाहिले होते. खऱ्या कोर्टात तीच पद्धत रीतसर कायद्याच्या आधाराने चालत होती. भारतीय पुरावा कायदा १८७२ चा; देसाईगंजच्या रात्रीहून बरोबर शंभर वर्षांनी मोठा. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची आहे, असे दाखवून तिची विश्वासार्हता खोडून काढण्याची मुभा त्याच्या १५५व्या कलमात होती. गंमत अशी की याच कायद्याने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून अग्राह्य ठरवला होता. पोलिसाच्या लेखणीवर आरोपीच्या बाबतीत अविश्वास दाखवणाऱ्या कायद्याला, त्याच लेखणीपुढे उभ्या असलेल्या बाईविषयी मात्र तशी काळजी वाटली नव्हती.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. कॉन्स्टेबलला पाच वर्षे आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष सक्तमजुरी झाली. भीतीपोटी असहायपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे. रात्रीच्या वेळी, ठाण्यात, अनोळखी पोलिसांपुढे ही मुलगी राजीखुशीने वागली असेल हे संभवत नाही, अशी त्या निकालाची धारणा होती. ठाणे ही जागा एका गरीब मुलीला कशी भासत असेल, याचा विचार या खटल्यात न्यायासनाने केला तो एवढ्या एकाच टप्प्यावर.

१५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा मुक्त केले. जखमा नाहीत, त्यामुळे प्रतिकाराची कथा खोटी. कॉन्स्टेबलने हात धरला तेव्हा भाऊ जवळ होता, तरी तिने त्याला हाक का मारली नाही? तेव्हा झालेला संबंध शांतपणे पार पडलेला होता, असा निष्कर्ष निघाला. ज्या भावाने तिच्याविरुद्धच ठाणे गाठले होते त्याला तिने हाक मारायला हवी होती, आणि तीही ज्याच्या एका शब्दावर तो भाऊ मुकाट्याने बाहेर गेला त्या शिपायाविरुद्ध! त्या खोलीत त्या घटकेला कोणाचा शब्द चालत होता, हा प्रश्न न्यायासनाला पडला नाही.

वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार अशी ही चार नावे. सरन्यायाधीशपदी तेव्हा यशवंतराव चंद्रचूड होते. शरण जाणे आणि संमती देणे यांतला भेद पत्राने स्पष्ट केलाच. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे मोल दुसऱ्याच मुद्द्यात आहे : एका मुलीला रात्री ठाण्यात बोलावणेच मुळात गैर, याबद्दल न्यायालयाने अवाक्षर काढले नव्हते. स्त्रीला चौकशीसाठी तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, हे याच न्यायालयाने नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ च्याच एप्रिलमध्ये बजावले होते. माजी मुख्यमंत्री असलेल्या स्त्रीच्या संदर्भात जे न्यायालयाला दिसले, ते मजूर मुलीच्या संदर्भात पाच महिन्यांनी दिसले नाही.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक असेल. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्चला निरनिराळ्या शहरांतून मोर्चे निघाले. विधी आयोगाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपला ८४वा अहवाल दिला. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा निर्माण केला आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असेही ठरले. फेरविचाराची याचना फेटाळली गेल्यामुळे तिच्या स्वतःच्या खटल्यात मात्र यातले काहीच लागू झाले नाही.

त्यानंतरच्या चार दशकांतले कायदे एकापुढे एक मांडून पाहिले, तेव्हा आम्हांला एक गोष्ट जाणवली. जणू त्या रात्रीचा एकेक तास घेऊन कायदा त्याची डागडुजी करत आला आहे. नऊ वाजता मुलीला ठाण्यात आणले : लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने सांगितले की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, वर्दी न घालता घ्यावा. साडेदहाला तिला थांबवून घेतले : याच कायद्याने म्हटले की कोणत्याही कारणास्तव मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. फिर्याद जमावामुळे लिहिली गेली : २०१३ च्या दुरुस्तीने अशी फिर्याद नोंदवणे टाळणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली, आणि ती स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवावी असा नियम केला. तपासणी दिवसभराने झाली : २००५ च्या दुरुस्तीने खबर मिळाल्यापासून चोवीस तासांची मुदत आणि स्त्रीची संमती आवश्यक केली. तिचे चारित्र्य काढले गेले : पुरावा कायद्यातली ती मुभा २००२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. जखमा नाहीत म्हणून संमती ठरली : केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानू नये, असे २०१३ मध्ये कायद्याच्या शब्दांत आले. दोन बोटांच्या चाचणीचा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निषेध केला आणि २०२२ मध्ये, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांनी यांतल्या बहुतेक तरतुदी कायम ठेवल्या, आणि हद्द कोणतीही असो, फिर्याद नोंदवून घेतलीच पाहिजे, ही गोष्ट कायद्याच्या मजकुरात आणली.

ही यादी लहान नाही, आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतूही नाही. १९८१ मध्ये नागपुरात एका पोलीस उपनिरीक्षकाने लॉजमध्ये उतरलेल्या नवविवाहित जोडप्याला चौकशीच्या निमित्ताने वेगळे करून त्या तरुणीवर बलात्कार केला, तेव्हा उच्च न्यायालयाने केलेली त्याची सुटका रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये त्याला पुन्हा दोषी ठरवले. पीडितेच्या साक्षीकडे गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीप्रमाणे संशयाने पाहणे हा तिचा अपमान आहे, अशी त्या निकालाची भूमिका होती. बारा वर्षांत न्यायालय इतके बदलू शकले, यामागे देसाईगंजच्या मुलीचा वाटा आहे.

तरीही ठाण्याच्या टेबलाशी काय बदलले, हा प्रश्न उरतो. कायदा सांगतो की फिर्याद लिहा. पण लिहिण्याआधी ‘इतक्या उशिरा का आलीस’, ‘तू तिथे गेलीसच कशाला’, ‘घरच्यांना माहीत आहे का’, ‘बघ हं, पोराचं आयुष्य बरबाद होईल’ ही जी वाक्ये येतात, त्यांची नोंद कुठल्याही डायरीत होत नाही. नुसता अर्ज ठेवून घेतला आणि शिक्का मारून पोच दिली, म्हणजे बाईला वाटते की गुन्हा दाखल झाला. एकच हकिकत आधी दारातल्या शिपायाला, मग अंमलदाराला, मग अधिकाऱ्याला, मग दवाखान्यात, मग दंडाधिकाऱ्यापुढे सांगावी लागते. दर खेपेला एखादा तपशील पुढेमागे होतो आणि उलटतपासणीत त्यालाच ‘विसंगती’ हे नाव मिळते. हे सारे करणारा पोलीस दरवेळी दुष्ट असतो असेही नाही. बंदोबस्ताने थकलेला, गुन्ह्यांचे आकडे वाढू नयेत म्हणून वरून दबाव असलेला, आणि बाईच्या हकिकतीत आधी खोट शोधायची या संस्कारात वाढलेला असा तो पुष्कळदा असतो. जेवायला घरी गेलेला तो हेड कॉन्स्टेबलही दुष्ट नव्हता. त्याने शेवटी फिर्याद लिहिली.

याला उत्तरे शोधली गेली नाहीत असे नाही. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे वर्दीतला माणूस बसत नाही, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसते. पुढे हा प्रयोग महाराष्ट्रात इतरत्रही पोहोचला. त्याचे मर्म आम्हांला देसाईगंजच्या संदर्भात कळते. त्या रात्री मुलीला हवी होती ती दिवे मालवू न देणारी, ‘बाहेर व्हा’ म्हटल्यावर बाहेर न जाणारी एक व्यक्ती. जमावाने जे काम धाकाने केले ते ठाण्याच्या आत, शांतपणे आणि रोज करणारे कोणी असावे, एवढाच या कल्पनेचा अर्थ.

आणि पहिल्या फिर्यादीचे काय? ‘आमची मुलगी पळवली’ ही तक्रार आजही ठाण्यांत येते. वयाची अट अठरा झाल्यापासून तर, मुलीच्या पसंतीच्या मुलाविरुद्ध घरचे लोक संरक्षणाच्या कायद्याचाच आधार घेताना दिसतात. तेव्हाही ठाण्यापुढचा प्रश्न जुनाच असतो : ही कोणाची? तिला काय म्हणायचे आहे, हे विचारायचे तेवढे राहून जाते. मुलीची मालकी ठरवण्यासाठी ज्या टेबलाचा उपयोग होतो, त्याच टेबलापुढे तिने आपल्यावरच्या अत्याचाराची हकिकत विश्वासाने सांगावी, अशी आपली अपेक्षा असते. त्या रात्री देसाईगंजला साडेदहा वाजता भावाची फिर्याद लिहून झाली होती. मुलीची फिर्याद लिहायला ठाणे पेटण्याची वेळ यावी लागली. दोहोंमधले हे अंतर कायद्याने पुष्कळ कमी केले आहे. ते किती उरले आहे, हे आज रात्री एखाद्या ठाण्यात एकटीच शिरणाऱ्या बाईला विचारावे लागेल.